पुढे अ लावा

...नाही, आता तुम्हीच सांगा, कपाट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? लोखंडी, दार कुरकुरणारं, डोक्यावर दोन जुने खोके चढवलेलं. बरोबर? तसलं कपाट असतं ना, तर मी ते एका दुपारात लावून दिलं असतं आणि हात झटकून घरी गेलो असतो. पण हे कपाट तसलं नाही हो! ह्याला दार नाही, खण नाही, हात लावायला जावं तर बोटाला काच लागते, कारण ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर आहे. आणि अशा ह्या नसलेल्या कपाटासाठी चांगली शिकलेली, चष्मा लावणारी, घरी मुलांना शिस्त शिकवणारी माणसं माझ्या अंगावर धावून आली आहेत. का? तर वर जागा नाही!

थांबा, जरा नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस आल्या आल्या ओरडायलाच लागला.

आमचा कारखाना वजनकाट्यांचा. बाळाचं वजन करायच्या काट्यापासून ते अख्खा ट्रक चढवायच्या काट्यापर्यंत सगळं आम्ही बनवतो. त्यामुळे झालंय काय, की तिथे कामाला असलेल्या प्रत्येकाला वाटतं, इथे सगळ्यात जास्त वजन आपलंच. मी तिथे दप्तर सांभाळतो. दप्तर म्हणजे कागद. कुठला काटा कोणाला विकला, कधी तपासला, कधी बिघडला, सगळे कागद माझ्या खोलीत. खोली जिन्याखाली. उभं राहिलं की डोकं लागतं, म्हणून मी बसूनच असतो, आणि बसून असतो म्हणून लोक विचारतात, तुम्ही दिवसभर करता काय?

तर एक दिवस आमच्या मोठ्या साहेबांना कुठूनसं कळलं की कागद आता कॉम्प्युटरात ठेवतात. म्हणजे कॉम्प्युटरात आमचे कागद आधीपासून होतेच, पण कसे होते ते विचारू नका. ट्रकच्या काट्याचं रेखाचित्र सापडत नव्हतं म्हणून दोन खाती एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, आणि शेवटी ते सापडलं कुठे, तर विक्रीप्रमुखाच्या सहलीच्या फोटोंमध्ये. तेव्हा साहेबांनी एक सॉफ्टवेअर आणलं आणि त्याच्याबरोबर ते समजावून सांगायला एक बाई आली. बाई हुशार, बोलणं गोड, आणि तिने जाता जाता जो बॉम्ब टाकला ना, त्याचे तुकडे मी अजून वेचतोय.

ती म्हणाली, "सगळ्यात वरच्या पातळीवर फक्त मोजकी कपाटं ठेवा. सातच्या पुढे जाऊ नका. बाकीचं सगळं त्यांच्या आत, कप्प्यांमध्ये. आणि ज्याचं कपाट, त्याच्याकडे किल्ली. आतल्यांनी काही उघडायचं झालं तर वरच्याला विचारायचं."

एवढं बोलली, बॅग उचलली आणि गेली! अहो, माणसांच्या जगात 'वर', 'आत' आणि 'विचारायचं' हे तीन शब्द एका दमात बोलून कोणी निघून जातं का? आणि मोठ्या साहेबांनी काय करावं? त्यांनी खोलीभर नजर फिरवली, आणि ज्याची नजर चुकवायची राहिली होती त्याच्याकडे बोट केलं. मी. मला म्हणाले, कपाटं तुम्ही लावा, तुम्हाला सवय आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग नाही म्हणायचं होतं. कसं म्हणणार? त्यांनी पुढे एक वाक्य टाकलं ना. म्हणाले, हे काम नीट लावून दिलंत, तर दप्तराचं स्वतंत्र खातं करू आणि तुम्ही त्याचे प्रमुख. प्रमुख! तुम्हाला सांगतो, माझ्या कानात वारं भरलं. कारण आत्तापर्यंत दप्तर प्रशासनात मोडायचं, आणि प्रशासनात वर बसलेत बघूसाहेब. त्यांचं खरं नाव काय ते त्यांच्या बायकोलाच ठाऊक. आम्ही बघूसाहेब म्हणतो, कारण काहीही विचारा, ते म्हणतात "बघू". रजेचा अर्ज? बघू. खुर्चीचा हात निखळलाय? बघू. जिन्याखाली पाणी झिरपतंय, कागद भिजतायत? त्यावर ते उठले, खाली आले, वाकून पाणी बघितलं आणि परत वर गेले. शब्दाला पक्का माणूस!

आणि घरी तर आणखीनच. माझा एक साडू आहे. म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. साडू पाणीपुरवठ्यात प्रमुख आहे, आणि ही गोष्ट तो पाण्यासारखीच सगळीकडे सोडत असतो. घरी कधीही आला की माझ्या पाठीवर थाप मारून विचारतो, "काय, अजून तिथेच का?" अहो, जेवताना विचारतो, निघताना विचारतो, एकदा तर मी आजारी असताना बघायला आला आणि पलंगाशी उभा राहून म्हणाला, अजून तिथेच का? बायको त्या वेळी पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवते. तेव्हा प्रमुख हा शब्द ऐकल्यावर मी संध्याकाळी घरी जाऊन तिला सांगितलं, अजून नक्की नाही, कोणाला बोलू नकोस. ती हो म्हणाली. मी चपला काढून हातपाय धुऊन बाहेर येईपर्यंत तिचा ताईला फोन लागलेला होता.

तर आता माघार नाही. लागलो कामाला. आमची मुख्य खाती सात. खरेदी, प्रशासन, विक्री, सुरक्षा, हिशोब ही पाच तुम्हाला कळली असतील. सहावं ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं, त्याला आमच्याकडे समाधान म्हणतात. आणि सातवं, काट्याच्या वजनात चूक निघाली तर ती दुरुस्त करणारं, त्याचं नाव चूक-दुरुस्ती. सात खाती, सात कपाटं. झाली की वरची पातळी! मी म्हटलं, आपलं दप्तर आठवं, तेवढं साहेब बघून घेतील, आपलेच आहेत.

आणि मग लोक यायला लागले. कॅन्टीनवाला आला, त्याला 'चहा' नावाचं कपाट वर हवं. मी म्हटलं, बाबा, वर जागा नाही. तो म्हणाला, चहा बंद केला तर तुमची सात खाती दुपारपर्यंत चालतात का ते बघा. ड्रायव्हर आला, त्याला 'गाड्या'. वर जागा नाही! छपाईवाला आला, तो काही बोललाच नाही, नुसता उभा राहून माझ्याकडे बघत राहिला, त्यालाही म्हटलं, वर जागा नाही. मग ज्यांना वर जागा होती तेच आले. कशाला? तर बाकीच्यांना खाली घाला म्हणून सांगायला! हिशोबवाले म्हणाले, खरेदी आमच्या आत घाला, पैसे आमच्याकडून जातात. खरेदीवाले म्हणाले, हिशोब आमच्या आत घाला, आम्ही घेतलं नाही तर ते मोजणार काय? सुरक्षा अधिकारी तर हेल्मेट घालूनच आले. ते जेवतानाही हेल्मेट काढत नाहीत. म्हणाले, मला प्रशासनाच्या आत ढकलण्याचा घाट घातलाय असं कानावर आलंय. मी म्हटलं, साहेब, तसं काही नाही. तर म्हणाले, तसं झालं तर मी जबाबदार नाही. कशाला जबाबदार नाही, ते सांगितलं नाही. हेल्मेटच्या आतून माणूस काय बोलतो ते निम्मं आतच राहतं.

मी सगळ्यांचं ऐकून घेतलं, कोणालाही आत घातलं नाही, सातही कपाटं वर लावली आणि एका सोमवारी सभेत मोठ्या पडद्यावर दाखवली. आणि तिथे भडका उडाला.

कारण काय, तर बाराखडी! कॉम्प्युटर ती नावं बाराखडीप्रमाणे एकाखाली एक लावतो. ख आधी, म्हणून खरेदी वर. व मागे, म्हणून विक्री चौथी. आमच्या विक्रीप्रमुखाला आम्ही भोंगा म्हणतो, आणि ते का म्हणतो हे त्या दिवशी गेटवरच्या पहारेकऱ्यालाही कळलं. "विक्री खरेदीच्या खाली? आम्ही विकतो म्हणून हे घेतायत!" मी सांगतोय, अहो, ही बाराखडी आहे, ही मी लावलेली नाही, मी शाळेत गेलो तेव्हाही ती अशीच होती. तर म्हणतो, मग बदला. काय बदला? बाराखडी? माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता, मी वैतागून म्हटलं, एवढंच असेल तर नावाच्या पुढे अ लावा आणि बसा सगळ्यांच्या डोक्यावर!

चिडून बोललो हो! माणूस चिडून काहीही बोलतो. बायको मला रागाने म्हणते, जा तिकडेच राहायला, म्हणून मी बिछाना गुंडाळून कारखान्यात जातो का? पण भोंग्याकडे त्याच्या कपाटाची किल्ली होती, नाव बदलायचा अधिकार त्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर उघडतो, तर सगळ्यात वर काय?

अविक्री.

मी डोळे चोळले. अविक्री! मी त्याला गाठलं, म्हटलं, साहेब, ह्याचा अर्थ काय होतो बघितलात का? तो म्हणाला, अर्थ कोण बघतो, जागा बघतात. आणि तुम्हाला सांगतो, तो बरोबर होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खरेदीची अखरेदी झाली. चहापर्यंत हिशोबवाल्यांनी अहिशोब केला. नुसतं बेहिशोबी म्हणायचं बाकी ठेवलं! हेल्मेटवाले माझ्याकडे येऊन विचारून गेले की अ लावणं नियमात बसतं का, मी म्हटलं नियमच नाही, तर गेले आणि लावला. झालं की असुरक्षा! समाधानवाल्या बाईंचं झालं असमाधान, आणि त्या मला जिन्यात भेटून म्हणाल्या, आता कसं बरं वाटतंय. चूक-दुरुस्तीला आमच्या मावशी आहेत. सख्ख्या कोणाच्याच नाहीत, पण सगळेच त्यांना मावशी म्हणतात. त्यांना कशाचं काही नव्हतं, पण सगळ्यांनी लावला, मग आपण मागे कशाला, म्हणून त्यांनीही लावला. राहिले बघूसाहेब. त्यांना विचारलं तर म्हणाले, बघू. आणि मी पाठ फिरवल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट त्याच दिवशी केली. अप्रशासन.

आता सगळ्यांनीच अ लावल्यावर काय होणार? अ कापला गेला आणि बाराखडी पुन्हा जागेवर. अखरेदी वर, अविक्री चौथी! भोंगा पुन्हा पेटला. त्याने अजून एक अ लावला. अअविक्री. मी म्हटलं, चला, दोन नकार म्हणजे होकार, निदान अर्थ तरी जागेवर आला. पण बाकीच्यांनी पण दोन केले, मग तीन केले, पडदा बघून वाटायचं कोणीतरी घसा साफ करतंय. शेवटी भोंग्याच्या मेहुण्याने त्याला गुपित सांगितलं की अक्षरांच्याही आधी आकडे येतात. आणि आकड्यांत पहिला कोण? भोंग्याने सगळे अ काढून टाकले आणि विक्रीच्या पुढे शून्य लावलं. मग बाकीचे दमले आणि एकेका अ वर परत आले.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो होतो हां! नंतर मला म्हणू नका की बोलला नाहीत. म्हटलं, साहेब, नावं जरा बघता का, फार विचित्र झालीत. ते म्हणाले, नावात काय पाहायचं, आत सगळं नीट आहे ना? मी म्हटलं, आत नीट आहे. मग झालं तर, म्हणाले. मी दारातून परत वळून विचारलं, आणि साहेब, ते दप्तराचं? ते म्हणाले, पाहुणे येऊन जाऊ देत.

पाहुणे म्हणजे बाळंतपणाच्या दवाखान्यांची एक मोठी साखळी. त्यांना प्रत्येक दवाखान्यात बाळांचे काटे हवे होते. एवढी मोठी ऑर्डर आमच्याकडे कधी आली नव्हती. त्यांच्याबरोबर एक डॉक्टरीणबाई होत्या, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. मोठे साहेब उत्साहात म्हणाले, आमच्याकडे सगळे कागद आता एका ठिकाणी आहेत, या, तुम्हाला दाखवतो, आणि मला खूण केली. मी पडदा लावला.  

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शून्य विक्री. मग थांबल्या. भोंगा खोकला. अखरेदी... अचूक-दुरुस्ती... अप्रशासन... असमाधान... असुरक्षा... इथे त्यांनी हेल्मेटवाल्यांकडे एकदा बघितलं, कारण खोलीत हेल्मेट घातलेला तोच एक माणूस होता... आणि अहिशोब.  त्यांनी चष्मा काढला आणि मोठ्या साहेबांना अगदी सभ्यपणे विचारलं, "ही तुमच्या खात्यांची नावं आहेत, की तुमच्याबद्दल आलेल्या तक्रारी?"

 मोठे साहेब वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग भोंग्याने माझ्याकडे बघितलं, मग हिशोबाने, मग हेल्मेटने. सात खात्यांचं कधी कशावर एकमत झालं नाही हो, त्या दिवशी झालं! भोंगा म्हणाला, "अ लावायला ह्यांनीच सांगितलं होतं." आणि खोटं काय त्यात? सांगितलं होतंच की! मला वाटलं, संपलं, ऑर्डर गेली, खातं गेलं, आता जिन्याखालची खोली तरी राहते का बघायची.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. म्हणाल्या, हे एक मात्र मला आवडलं. अचूक-दुरुस्ती. बाळाच्या वजनात आम्हाला तेवढंच हवं असतं. हे खातं कोणाचं? मावशींना बोलावलं. त्या हात पुसत आल्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. बाईंनी त्यांना विचारलं, हे नाव तुम्ही विचार करून ठेवलंत का? मावशी म्हणाल्या, विचार कसला, सगळ्यांनी अ लावला म्हणून मीपण लावला. बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की मोठे साहेबही हसले, मग सगळेच हसले, आणि ऑर्डर मिळाली. मला हसू आलं नाही. मी पडदा बंद करत होतो.

आता सांगा, मिळाली ना ऑर्डर? अ कोणाचा? माझा! पण मावशींना मिळाली नवीन खोली, खिडकी असलेली, आणि दारावर मोठ्या अक्षरांत पाटी. चांगल्या आहेत हो मावशी, मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण खिडकी!

चार दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता नोकरी जाते. पण ते शांत होते. म्हणाले, सगळी नावं पूर्ववत करा, शून्य काढा, अ काढा, मावशींचा तेवढा राहू द्या. आणि मी तुम्हाला शब्द दिला होता, मी शब्द मोडत नाही. आजपासून तुम्ही दप्तरप्रमुख. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, कोणीतरी आपल्याला बघितलं. मी म्हटलं, साहेब, मग दप्तराचं आठवं कपाट आजच लावतो.

ते माझ्याकडे बघून अगदी मायेने म्हणाले, "तुम्हीच ना सगळ्यांना सांगत होतात? वर जागा नाही."

 माझेच शब्द, माझ्याच हातात. दप्तर प्रशासनाच्याच आत राहील म्हणाले. मग गेलो बघूसाहेबांकडे. म्हटलं, मी आता प्रमुख आहे, तुमच्या कपाटात मला कुठे ठेवता? ते म्हणाले, बघू. आणि बघितलं हो त्यांनी! प्रशासनाच्या आत 'सामान्य', सामान्यच्या आत 'किरकोळ', आणि किरकोळच्या आत, झाडूच्या आणि बल्बच्या बिलांच्या खाली, दप्तर. तिथे मी प्रमुख. आणि किल्ली? किल्ली वरच्याची! मला माझंच दप्तर उघडायचं झालं तर मी अर्ज करायचा. अर्ज मंजूर झाला की तो कागद ठेवायचा कुठे? दप्तरात. दप्तर उघडायला काय लागतं? तो मंजूर कागद. मी हे बघूसाहेबांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी ते अर्धा तास बघितलं.

घरी गेलो. बायको दारातच उभी. म्हणाली, झालात का? म्हटलं, झालो. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ताईला फोन लावला, आणि पलीकडून साडूने तो ओढून घेतला. अभिनंदन म्हणाला, मोठ्या मनाचा माणूस. आणि मग लगेच विचारलं, "मग, तुमच्या हाताखाली माणसं किती?"

मी म्हटलं, एक.

म्हणाला, असू दे, सुरुवातीला एक बरा. कसा आहे माणूस?

काय सांगणार त्याला? म्हटलं, मीच आहे तो. कामाला वाईट नाही... पण तुम्हाला सांगतो, इतका कुरकुर करणारा माणूस मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही, आणि आता तो मलाच सांभाळायचाय.